वरच्या भेगेतली वाळू

नोकरीत मी काय करत होतो असं कुणी विचारलं की मी सांगायचो, जमिनीच्या पोटातल्या भेगांमध्ये वाळू भरत होतो. ऐकणारा थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघायचा. हिंगोलीच्या स्टँडवर एका ओळखीच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे ठेकेदारी का?" मी हो म्हणून टाकलं. गाडी सुटायची वेळ झाली होती आणि समजावून सांगायला तेवढा वेळ पुरला नसता.

आज वेळ आहे. निवृत्त झालो आहे, आणि गेल्या कार्तिकात माझे थोरले भाऊ, मारोतीदादा, वारल्यापासून मला कुठलंच काम घाईने करता येत नाही. हे पानही हळूहळू लिहितो आहे.

आमचं घर मेंढरांचं. सेनगाव तालुक्यात, गोरेगावपासून आडबाजूला एका माळावर आमची वस्ती आहे. दादांनी कळप सांभाळला म्हणून मला शिकता आलं. शिकून मी गुजरातेत तेलविहिरींवर गेलो आणि चाकरीची सगळी वर्षं तिकडेच काढली.

तेलाची विहीर म्हणजे आपल्या बोअरसारखंच एक भोक, फक्त फार खोल. त्यात लोखंडी पाईप उतरवतात आणि पाईपच्या बाहेरची जागा सिमेंटने बंद करतात. मग ज्या थरात तेल आहे तिथे पाईपला आतून बारीक भोकं पाडतात. तेल पुष्कळदा घट्ट दगडात अडकलेलं असतं, नुसत्या भोकांतून ते येत नाही. म्हणून वरून मोठ्या पंपांनी पाणी दाबायचं. दाब वाढत जातो आणि भोकांच्या पलीकडे दगडाला भेग पडते. पंप थांबवला की दगड आपल्या वजनाने ती भेग पुन्हा मिटवतो. ती मिटू नये म्हणून पाण्याबरोबर वाळू पाठवायची. पाणी निघून जातं, वाळूचे दाणे भेगेत राहतात आणि दगडाला टेकू देतात. दाण्यांमधल्या फटींतून तेल वाट काढतं. साध्या पाण्यात वाळू तळाला बसते, म्हणून ते पाणी गवारीच्या बियांचं पीठ घालून दाट करतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला पत्रातून कळवलं होतं की इथेही गवारच आहे.

माझं काम त्या वाळूचं होतं. ती दाण्याच्या आकाराप्रमाणे चाळून एकसारखी आहे का, किती दाट घालायची, कधी थांबवायची. वाळू आत गेली की आम्ही समाधानाने चहा प्यायचो. एका विहिरीने ते समाधान घालवलं. तिथे पाईपला वर काही आणि खाली काही भोकं होती. ठरलेली सगळी वाळू आत गेली, कुठे अडली नाही. तेल मात्र निम्म्यानेही आलं नाही. पुढच्या वेळी आम्ही खुणेची वाळू वापरली, म्हणजे जिचा माग उपकरणाने काढता येतो अशी. उपकरण खाली सोडलं तेव्हा दिसलं की वरच्या भोकांतून पाणी भरपूर गेलं होतं आणि वाळू जेमतेम. जवळजवळ सगळी वाळू खालच्या भोकांत जाऊन बसली होती.

कारण सोपं आहे. पाण्याला अंग नसतं, भोक दिसलं की ते वळतं. दाण्याला वजन असतं. तो वेगात खाली निघालेला असतो, पहिल्या भोकापाशी त्याला वळताच येत नाही. तो पुढे निघून जातो. शिवाय ज्या भोकातून वाळू जाते ते घासून मोठं होतं, आणि मोठं झालं की आणखी वाळू ओढतं.

त्या वर्षी दादा मला भेटायला गुजरातेत आले होते. दूर उभं राहून त्यांनी पंपांचा गडगडाट ऐकला. संध्याकाळी खोलीवर मला म्हणाले, "येवढा आवाज करून वाळूच टाकता व्हय? आपल्याकडं ट्रॅक्टरवाला गुमान टाकून जातो."

मी त्यांना मेंढरांचं उदाहरण दिलं. समज, मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या कुंपणाला दोन दारं आहेत. कळप धावत आला तर पुढची मेंढरं पहिलं दार ओलांडून दुसऱ्यात शिरतात. वाळूचं तसंच आहे.

दादांनी विचार केला. "मेंढरू धावतं ते मागच्याच्या भेवानं. तुझ्या वाळूला कोणाचं भेव?"

"पंपाचं."

"मग पंपाला सांग की जरा सबुरीनं घे." आणि पालथी मूठ तोंडावर धरून हसले. हसण्याची त्यांची तीच रीत होती.

दादा गेले तेव्हा मी बडोद्याला लेकीकडे होतो. निरोप मिळाल्याबरोबर निघालो, पण पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. आमच्यात पुरतात. माळाच्या कडेला, हिवराच्या झाडाखाली ताजा ढिगारा होता आणि त्यावर दगड रचले होते. सगळ्यांनी आपापली मातीची मूठ दिली होती. माझी राहिली.

जाण्याआधी दादांनी माळावर बोअर घेतलं होतं. त्यामागे त्यांचा साधा हिशोब होता. उन्हाळा लागला की दरवर्षी ते कळप घेऊन इसापूर धरणाच्या अंगाला जात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. गुडघे कुरकुरायला लागले होते. पाणी माळावरच मिळालं तर ही पायपीट थांबेल, असं त्यांच्या मनात होतं. बोअरला पाणी लागलं, पण बादल्या भरेपर्यंत संपायचं. मग हिंगोलीचे अन्वरभाई आपली गाडी घेऊन आले. बोअरमध्ये रबरी फुगा उतरवून, फुगवून, त्याच्या खाली पंपाने पाणी दाबायचं आणि दगडाच्या भेगा मोकळ्या करायच्या, हे त्यांचं काम. म्हणजे माझ्याच धंद्याचं धाकटं भावंड. काही दिवस पाणी वाढलं. दादांनी मला फोनवर सांगितलं, आवाज खुशीत होता. मग पाणी पुन्हा होतं तिथे गेलं, आणि दादाही गेले.

मागे राहिल्या गयावहिनी आणि कळप. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला मेंढरांमागे फिरणं आता होणार नाही. एकट्या बाईने कळप घेऊन धरणापर्यंत जायचं आणि तिथे उघड्यावर राहायचं, हे वहिनींच्या वयाला शक्य नव्हतं. होळी झाली आणि एक व्यापारी येऊन कळप बघून गेला. वहिनी म्हणाल्या, पाडव्यानंतर सांगते. म्हणजे पाडव्यापर्यंत माळावर पाणी झालं तर मेंढरं राहणार, नाही तर जाणार. त्यांनी हे मला रडून सांगितलं नाही. एका मेंढीच्या खुरातला काटा काढता काढता सांगितलं.

मी बोअर बघितलं. खोदताना कोरडा भुगा कुठे ओला झाला ते दादांच्या नीट लक्षात होतं आणि त्यांनी वहिनींना सांगून ठेवलं होतं. वरचा केसिंगचा पाईप संपतो त्याच्या थोडं खाली, काळ्या दगडात, पाण्याची एक भेग होती. खोदणाऱ्यांनी आणखी पाणी लागेल म्हणून बोअर खूप खाली नेलं. तिथेही भेगा लागल्या, पण कोरड्या. अन्वरभाईंच्या पंपाने वरची भेग उघडली होती यात शंका नव्हती. टेकू नसल्यामुळे ती मिटली होती.

अन्वरभाईंना बोलावलं. स्थूल, दिलदार माणूस. मी कुठे नोकरीला होतो हे कळल्यापासून ते मला सर म्हणू लागले. मी वाळूचा विषय काढला तेव्हा ते गाडीच्या बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "सर, वाळू कायकू? पिछली बार कैसा आवाज आया, पूछो भाभी को. पत्थर फाट्या तो पानी आनाच है."

"आलं होतं की. मग गेलं कुठे?"

"वो शरमीला पानी है, सर."

मी त्यांना समजावलं. नुसती वाळू सोडली तर ती वरची भेग ओलांडून खालच्या कोरड्या भेगांत जाऊन बसेल, गुजरातेतल्या विहिरीत बसली तशी. म्हणून आधी खालचं बोअरच वाळूने भरून टाकायचं, वरच्या भेगेच्या थोडं खालपर्यंत. मग फुगा भेगेच्या वर लावायचा. पाण्याला आणि वाळूला दुसरीकडे जायला वाटच राहणार नाही. काम झालं की कॉम्प्रेसरने खालची वाळू बाहेर काढायची.

अन्वरभाई डोकं खाजवत म्हणाले, "बराबर है. पन ये भाभी को आप बताओ. मैं नक्को."

त्यांना माणसं ओळखता येत होती.

मी ओढ्यातली वाळू आणून बोअरजवळ टाकली. घमेलं भरलं आणि त्यातली पहिली मूठ उचलली तोच वहिनी वाडग्याकडून आल्या. काय चाललं आहे ते मी सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. बोअरच्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"यात वाळू टाकायची न्हाई."

"वहिनी, थोड्या वेळासाठी..."

"त्यायनी मारलेलं बोर हाये हे. त्यांना माती दिली सगळ्यांनी, तवा तुमी नव्हते. आता इथं द्यायला आले व्हय, भावजी?"

अन्वरभाई गाडीमागे गेले आणि उगाच चाकाचे नट बघू लागले. मी मूठ परत घमेल्यात सोडली. खड्डा, त्याच्या तोंडाशी उभा माणूस, हातात मूठभर वाळू. त्यांनी जे पाहिलं होतं ते तसंच दिसत होतं. मी बाहेरून बघत असतो तर मलाही तेच वाटलं असतं. गाडी परत गेली.

तीन-चार दिवस मी तो विषय काढला नाही. वाडग्यात मदत करायचो. पाणी दूरच्या विहिरीवरून आणायचो. एका संध्याकाळी कळप परतला तेव्हा वाडग्याच्या काटेरी कुंपणाला कडेला भगदाड पडलेलं दिसलं. कुठल्या तरी गाईने शिंग घातलं असावं. आता वाडग्याला दोन दारं झाली होती. वहिनी खऱ्या दारापाशी उभ्या राहून हाका मारत होत्या आणि मेंढरं त्यांच्यासमोरून धावत जाऊन भगदाडातून आत शिरत होती. तिथे काटे होते, लोकर अडकत होती, लहान पिल्लं तुडवली जात होती.

मी पळत जाऊन भगदाडात उभा राहिलो. दोन्ही हात पसरले. पुढची मेंढी माझ्या गुडघ्यांवर आदळली, थांबली, मागे वळली. सगळा कळप वळला आणि वहिनींच्या दारातून शांतपणे आत गेला.

शेवटचं पिल्लू आत गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "हटा आता तिथून. काटे रुतले असतील."

मी हटलो. भगदाड पुन्हा उघडं झालं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हेच सांगून राहिले होते का तुमी त्या दिवशी?"

"हेच."

"तुमी हटले. वाळू हटती का?"

"काढावी लागते. हवा सोडून काढतात. मी नोकरीत पुष्कळदा काढली आहे."

"अन् न्हाई निघाली तर?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी त्यांच्यासमोर जमलं नसतं. "तर बोअर गेलं. पण वहिनी, आत्ता तरी ते कुठं आहे?"

त्या भाकरी करायला आत गेल्या.

सकाळी उठलो तर त्या ओढ्यात होत्या. गवंड्याकडची मोठी चाळणी आणली होती आणि घरातली पिठाचीही. मला बघून म्हणाल्या, "वाळू मी चाळणार. कशी पायजे ते सांगा. अन् एक बी घाण खडा आत जाऊ देणार न्हाई."

मी सांगितलं. मोठे खडे वरच्या चाळणीत राहू द्यायचे, धूळ पिठाच्या चाळणीतून खाली जाऊ द्यायची, मधले एकसारखे दाणे आपले. पोत्यात नुसती ज्वारी भरली तर दाण्यांच्या मधून वारं खेळतं, त्यात पीठ मिसळलं तर खेळत नाही, तसंच आहे हे. त्यांनी एकदा मान हलवली आणि कामाला लागल्या. वस्तीवरच्या आणखी दोघीजणी येऊन बसल्या. त्यातल्या एकीने विचारलं, "गयाबाई, एवढ्या वाळूचा कुणाला पाहुणचार करून राहिल्या?" वहिनी म्हणाल्या, "बोरला. लई दिसांचं उपाशी हाये." दादा गेल्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला विनोद.

चाळलेली वाळू त्यांनी धुऊन वाळत घातली. नोकरीत आमच्याकडे पोत्यांवर शिक्के मारून आलेली वाळू मी नाकारली आहे. ही नाकारण्यासारखी नव्हती.

अन्वरभाई परत आले. दोरीला वजन बांधून आम्ही बोअर मोजत गेलो आणि खालून भरत आणलं. पहिलं घमेलं वहिनींनी स्वतः ओतलं. ओतताना डोळे मिटले होते. वरच्या भेगेच्या खाली येऊन दोरी थांबली तेव्हा मी हात वर केला आणि फुगा उतरवला.

बडोद्याच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मी गवारीच्या पिठाची पिशवी मागवली होती. खाण्याच्या पदार्थांतही ते घालतात, पाण्याला बाधत नाही. पंपाजवळच्या पत्र्याच्या ढोलातल्या पाण्यात ते कालवलं तसं पाणी पातळ पिठल्यासारखं झालं. वहिनी वाकून बघत होत्या. "गवारीचं? ढोरं बी लवकर तोंड लावत न्हाईत याला."

पंप सुरू झाला. अन्वरभाईंचा हात सवयीने पुढे गेला, मी तो धरला. "आहिस्ता."

"सर, इतना आहिस्ता? मेंढी भी सो जायेगी."

"झोपू द्या."

दाबाच्या घड्याळाचा काटा सावकाश चढत गेला, थांबला, आणि एकाएकी खाली पडला. आवाज झालाच नाही. अन्वरभाई हिरमुसले. मी मात्र काट्यावरून नजर काढली नाही. भेग उघडली होती. आता वाळू. आधी विरळ, मग थोडी दाट. मी दाब बघत होतो, वहिनी पातेल्याने वाळू ढोलात सोडत होत्या, मी "हळू" म्हटलं की हळू करत होत्या. आमचा कुठलाही शिकाऊ यापेक्षा वेंधळा असतो. काटा पुन्हा वर सरकू लागला, म्हणजे भेग भरत आली होती. मी पंप बंद करायला सांगितलं. फुगा तसाच ठेवून आम्ही दगडाला मिटायला आणि गवारीला पातळ व्हायला वेळ दिला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरचा पाईप आत सोडला. हवेबरोबर आधी बुळबुळीत फेस आला, मग वाळू. भुरकट, ओल्या वाळूचे फवारे उडून बोअरच्या भोवती ढीग होऊ लागला. वहिनी लांब उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून. वाळू येत राहिली, मग गढूळ पाणी, मग पुन्हा वाळू. दोरीचं वजन तळाला टेकलं. अन्वरभाईंनी पाणी उपसायचा पंप आत सोडला. मी मनात म्हणत होतो, आता बादल्या भरतील आणि संपेल. बादल्या भरल्या. हौद भरला. पाणी बारीक झालं नाही, तेवढंच येत राहिलं. फार मोठी धार नाही. माळावरच्या एका कळपाला आणि वस्तीला पुरेल एवढी.

अन्वरभाई पाणी चाखून म्हणाले, "शरम गयी इसकी." मग गंभीर होऊन वहिनींना म्हणाले, "भाभी, मारोतीभाऊ होना था आज."

व्यापारी पाडव्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, मेंढरं कुठं जात न्हाईत. तो हौदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सोय केली म्हणा." उन्हाळा गेला. पाणी थोडं कमी झालं, तुटलं नाही. एका उन्हाळ्यावरून मी मोठा निकाल देणार नाही, नोकरीने तेवढी सवय लावली आहे. पण पुढच्या उन्हाळ्याबद्दल वहिनी आतापासून बोलतात, आणि यंदाची पिल्लं विकायची नाहीत म्हणतात.

सांगायचं राहिलं ते त्या वाळूच्या ढिगाचं. पाणी लागलं त्याच दिवशी संध्याकाळी वहिनी त्या ढिगापाशी बसल्या होत्या. चाळताना, धुताना त्यांच्या हाताखालून प्रत्येक घमेलं गेलं होतं.

"जेवढी घातली तेवढी न्हाई आली, भावजी."

"नाही. थोडी खालीच राहते. ती राहिली म्हणून तर भेग उघडी आहे."

त्या बराच वेळ ढिगातून बोटं फिरवत राहिल्या. मग टोपलीत थोडी वाळू घेतली आणि माळाच्या कडेला हिवराकडे चालू लागल्या. मी मागे गेलो. दादांच्या दगडांपाशी त्यांनी टोपली खाली ठेवली आणि माझ्यासमोर सरकवली.

"तवा तुमची राहिली होती," त्या म्हणाल्या. "द्या आता."

मागे हौदावर मेंढरं पाण्याला भिडली होती, त्यांचा एकमेकांना ढकलण्याचा आवाज येत होता. मी वाकून मूठ भरली. वाळू अजून ओली होती.